कागदाचा फोन

भिंतीवर एका म्हातारीचं चित्र डकवलं होतं. नजर अधू, आठवण विरलेली, मोबाइलची धास्ती. ऑफिसात तिला पर्सोना म्हणत. जिच्यासाठी फोन घडवायचा, ती ही कल्पनेतली म्हातारी. फोन घडवणाऱ्या लेकीने ती आपल्या आईवरूनच बेतली होती. एक ओळ लिहायला तेवढा हात धजला नव्हता: पोटच्या पोरीला ओळखत नाही.

"ओळखते ती मला," लेक दादाला सांगायची.

"मग चिमे म्हणून हाक मारते का? मला तर हल्ली प्लंबर समजते. परवा नळ दाखवला."

लेक हसली.

आज चाचणीला तिने आईलाच आणलं. फोन अजून कागदावरच होता. एकेक स्क्रीन पेन्सिलीने काढलेली. आईने बोट टेकवायचं, लेकीने कागद बदलायचा. लेक म्हणजे यंत्र, आणि यंत्राने बोलायचं नाही, असा चाचणीचा नियम. टिपणं घ्यायला चष्मिस सहकारी बसला होता.

"आजी, लेकीला फोन लावा बरं," चष्मिस म्हणाला.

कागदावर चार चेहरे. आईचं बोट भिरभिरलं, वेणीवाल्या मुलीवर थांबलं. लेकीने पुढचा कागद ठेवला: फोन लागतोय.

आईने तो उचलून कानाला लावला.

चष्मिसचं पेन थांबलं. असं आजवर कुणी केलं नव्हतं.

"चिमे, जेवलीस का गं? किती दिवसांत तोंड दाखवलं नाहीस."

लेकीकडून नियम मोडला. "आई, मी इथंच आहे गं!"

आईने कागद तळव्याने झाकला. "थांबा हो बाई जरा. लेकीशी बोलतेय."

लेक उठली. भिंतीवरच्या म्हातारीकडे तिला बघवेना. पाय न वाजवता ती आईच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. तिने आवाज सावरला.

"जेवले गं आई. तू जेवलीस?"

आईचा चेहरा उजळला. "अगंबाई! किती जवळून येतोय आवाज. उशाशी बसल्यासारखा."

"फोन चांगला आहे आई."

"मग ठेवू नकोस लगेच."

फोन बंद झाल्याचा शेवटचा कागद लेकीच्या हातात होता. तिने तो हळूच चुरगाळला. चष्मिसने मान खाली घालून वही मिटली.

"नाही ठेवत," मागून लेक म्हणाली. "बोल तू."