जावाच्या घंटा, कॉव्हेंट्रीचा पियानो

हिवाळ्यातल्या कॉव्हेंट्रीचा उजेड भर दुपारीच फिकटतो. त्या राखाडी उजेडात विशाखाची बोटे पियानोवर उतरत, तेव्हा तळ्यावर धुके उतरावे तसा स्वर खोलीभर पसरे. नाद उमटवण्यापेक्षा तो विरू देण्यात तिचा जीव अधिक; एक पट्टी दाबून ती मान किंचित कलती करी आणि स्वर पुरता मावळेपर्यंत दुसऱ्या पट्टीला स्पर्श करीत नसे. माझ्या लेकीची ही ऐकण्याची ऐट मी स्वयंपाकघराच्या दारातून कितीदा तरी डोळे भरून पाहिली आहे.

ती वाजवी ते एका फ्रेंच संगीतकाराचे संगीत. आमच्या घरात मात्र सूर म्हणजे यांची पेटी. नागपूरहून इंग्लंडला येताना यांनी ती तान्ह्या बाळासारखी जपून आणली होती, आणि इथल्या बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम यांच्या गाण्यावाचून कधी पार पडला नाही. त्या कार्यक्रमात फ्रेंच रचना वाजवायचे विशाखाने ठरवले, तेव्हा हे कष्टी झाले.

"आपल्या माणसांसमोर परक्यांचं कशाला, बेटा?"

"बाबा, तुमचा पेटी पण पॅरिसमध्येच इन्व्हेंट झाला," ती हसून म्हणाली. "आणि ह्या कंपोझरनी तिथल्या एक्झिबिशनमध्ये जावाचे घंटे ऐकले. लोक बघून पुढे गेले, हा ऐकत बसला. मग त्याचा पियानो चेंज झाला. स्पेनचे रिदम, चर्चचे जुने सूर, सगळं घेतलं त्यानी. तरी म्युझिक त्याचाच राहिला."

जावाचे नाव ऐकताच हे थबकले. त्या बेटावरच्या विराट स्तूपाचे चित्र आमच्या बैठकीत आहे. "वाजव मग," एवढेच म्हणाले.

निवृत्त नर्सेस, बसचालक, ऑफिसातली तरुण मंडळी आणि समोशांचा वास यांनी हॉल गजबजला होता. विशाखाच्या डाव्या हातातून खोल, गंभीर टोल उमटले. उजव्या हातातून बारीक किणकिण झरू लागली, जणू दूरच्या डोंगरावरच्या एखाद्या स्तूपाभोवती वारा फिरत होता. कुजबुज थांबली. मांडीवरची मुलेसुद्धा निवली. शेवटचा स्वर विरला, तरी कुणी टाळी वाजवेना.

पुढचे गाणे यांचे होते. भाता उघडलेला होता. यांनी तो हलकेच मिटला.

"बेटा, त्या घंटा पुन्हा एकदा," हे माइकवर म्हणाले. मग सभेकडे वळून, छाती भरून, "माझी पोरगी आहे, बरं का!"

आता विशाखा ग्लासगोला असते. गेल्या शरदात तिथल्या मैफलीनंतर एका श्रोत्याने विचारले, की तुमच्या वादनावर सर्वांत मोठा प्रभाव कुणाचा? सगळ्यांना त्या फ्रेंच माणसाचे नाव अपेक्षित होते. "माझ्या बाबांचा," ती इंग्रजीत म्हणाली, "ते हार्मोनियम वाजवायचे."

टाळ्या पडल्या, आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहताना मला प्रथमच वाटले, की काळ माणसाला नेतो खरा. पण ते माणूस कुणाच्या हातात उतरले आहे, हे शोधणे काळाला जमत नाही.