दोन्हीकडे सारखंच

भोंगा हे नाव आईनेच ठेवलेलं. पोरगी दारात यायच्या आधी तिचा आवाज घरात शिरायचा, म्हणून. शाळेत तर यंदा ती कॉम्प्युटरमधली मोठी जाणकार झाली होती. म्हणजे तसं तिचं स्वतःचं मत होतं. पण मत दणक्यात सांगितलं की लोक मान डोलावतात, हे तिला नुकतंच कळलं होतं.

त्यातच आईच्या घशातली गाठ वाईट निघाली. आवाजाची पेटीच काढावी लागणार होती. घरात सगळे हळू बोलायला लागले; भोंगाही. मग एक दिवस तिने कॉम्प्युटरचा माईक ओढत आईच्या शिलाई मशीनपाशी आणला.

"आई, बोल काहीतरी. तुझा आवाज साठवून ठेवायचाय."

आईच्या तोंडात टाचण्या होत्या. ओठांच्या फटीतून ती म्हणाली, "आत्ता नको गं, बाही लावतेय. नंतर सावकाश बोलते. चालू आहे का ते? बंद कर आधी!"

भोंग्याने तेवढंही जपून ठेवलं. पण बाबांना घोर लागला. "हा डबा म्हातारा झालाय. आतली डिस्कच गेली तर?"

"म्हणून तर दुसरी आणलीय!" भोंगा उसळली. "जुळ्या बहिणीच समजा. एकीवर जे उतरेल ते त्याच क्षणी दुसरीवर. एकीने मान टाकली तरी कॉम्प्युटर दुसरीवरून सुरू होणार."

"आणि दोघी वेगवेगळं सांगायला लागल्या तर? तुझ्या दोन्ही आत्यांसारख्या?"

"मग थोरलीचं ऐकायचं. जुनी डिस्क ती खरी, नवी तिची नक्कल."

"आमच्याकडे थोरलीचं कोण ऐकतं!" बाबा म्हणाले, आणि आई खोकेपर्यंत हसली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी भोंग्याने दोघांना खुर्च्यांवर बसवून प्रयोग केला. कॉम्प्युटर बंद करून तिने जुन्या डिस्कची केबल उपटली, जादूगारासारखा हात फिरवला आणि बटण दाबलं. नवीवरून सगळं जसंच्या तसं सुरू झालं! बाबांनी टाळ्या वाजवल्या. आईने कडाकडा बोटं मोडून तिची दृष्ट काढली. आता हा पराक्रम मैत्रिणीला सांगितल्याशिवाय राहवतं थोडंच? डबा उघडा, केबल लोंबकळती, कॉम्प्युटर चालूच ठेवून भोंगा पसार.

संध्याकाळी येऊन तिने केबल परत लावली. कॉम्प्युटरने विचारलं: दोन डिस्क सारख्या नाहीत, खरी कोणती मानू?

सारख्या का नाहीत, हा प्रश्न तिच्या डोक्यात आलाच नाही. तोंडात शीळ होती. तिने जुनी निवडली. पडद्यावरची पट्टी भरत गेली, आणि जुनीवर होतं ते सगळं नवीवर चढलं. झालं, जुळ्या पुन्हा जुळ्या.

ऑपरेशन नीट पार पडलं. आई घरी आली ती गळ्याला पट्टी आणि हातात पांढरी पाटी घेऊन. जरा बरं वाटल्यावर तिने पाटीवर लिहिलं, "ऐकलंस?"

"काय गं?"

आईने कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "तू मैत्रिणीकडे गेलीस तेव्हा. शिलाई मशीन बंद ठेवून बोलले. तुझ्यासाठी."

भोंगा खुर्चीत बसली. शोधलं. पुन्हा शोधलं. मग तिचा हात थांबला. त्या दुपारी एकटी नवीच जागी होती. आई जे बोलली ते तिच्याच पोटात होतं, आणि संध्याकाळी शीळ घालत भोंग्याने तिच्यावर जुनी उतरवली. शाळेतल्या सरांनी दोन्ही डिस्क तपासल्या आणि आता ते परत मिळणार नाही म्हणून सांगितलं.

सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की बाबांना जवळ यावं लागलं. "ते गेलं, आई. मीच पुसलं."

आईने पाटी पुढे ओढली. "जाऊ दे. रागावलेच असेन. अंथरूण आवर, कमी ओरड." आणि डोळे मिचकावले. भोंगा हसली, कारण आईला तेच हवं होतं. पण पाटी पुसता पुसता आईचे ओठ हलले. एक लांबलचक वाक्य होतं ते, नीट पाठ असल्यासारखं. भोंग्याने जिवाच्या आकांताने ओठांकडे पाहिलं. एक अक्षर कळलं नाही. पुन्हा सांग म्हणायची तिला हिंमत झाली नाही.

आई झोपल्यावर तिने कॉम्प्युटर एकदा जुनीवरून सुरू करून पाहिला, एकदा नवीवरून. कुठे म्हणून चूक नव्हती. शिलाई मशीनची घरघर, टाचण्यांआडून बोबडा झालेला आवाज, दोन्हीकडे अगदी सारखा.

"आत्ता नको गं. नंतर सावकाश बोलते."