कडेला करपलेली साखर

मित्रांनो, उदगीरच्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरातला मी जुना, गोल ओव्हन आहे. माझ्या झाकणाला काच आहे, म्हणून स्वयंपाकघरात चालते ते सारे मला दिसते.

धाकट्या सूनबाई शिवकांताबाईंनी मला हौसेने हैदराबादहून आणले. मी नानकटाई भाजायचो आणि सारे घर माझे कौतुक करायचे. पुढे बाईंचे वजन फार वाढले. जिना चढताना धाप लागे. थोरल्या जाऊबाई महामाया पाहुण्यांदेखत त्यांना हसायच्या. एके दिवशी रागाने बाईंनी मला माळ्यावर टाकले. तिथे पालींनी माझ्यात अंडी घातली.

मग लातूरला बाईंचे वजन कमी करायचे ऑपरेशन झाले. जठर अगदी लहान उरले. तेल कमी आणि साखर मुळीच नको, साखरेने घाम फुटून भोवळ येईल, असे डॉक्टरांनी बजावले. मी पुन्हा खाली आलो, घासून लख्ख झालो. दोडका, दुधी, फ्लॉवर, वर कुस्करलेले पनीर नाहीतर घट्ट दही. हे सारे मी मऊ भाजायचो. बाई लहानशी वाटी सावकाश चावून खायच्या. त्या हलक्या झाल्या, हसू लागल्या. जो येई तो त्यांचेच कौतुक करी. महामायाबाईंना ते सोसवेना.

एका दुपारी बाई भोपळ्याची ताटली माझ्यात ठेवून दाराशी गेल्या. महामायाबाईंनी झाकण उचलले आणि वरच्या दह्यात मूठभर पिठीसाखर कालवली. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

भोपळाच गोड निघाला असे समजून बाईंनी त्यातली नेहमीची लहानशी वाटी खाल्ली. जेवण उरकते न उरकते तोच त्यांना दरदरून घाम फुटला. छाती धडधडू लागली आणि त्या फरशीवरच आडव्या झाल्या.

"उपाशी राहून राहून असंच होतंय," महामायाबाई म्हणाल्या.

सावरल्यावर बाईंनी ताटली उचलली. कडेला तपकिरी थर होता. त्यांनी तो खरवडून चाखला. करपलेली साखर! उरलेला अर्धा भोपळा चिरून, वर तसेच दही घालून त्यांनी माझ्यात ठेवला.

संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर त्यांनी दोन्ही ताटल्या सासऱ्यांपुढे, मलप्पांपुढे ठेवल्या. "अप्पा, एकाच भोपळ्याचं हाय. दोन्ही चाखून बघा."

मलप्पांचा हात थांबला. "ह्यात साखर कोन घातली?"

"भोपळा गोडच असतोय की," महामायाबाई म्हणाल्या.

"मग अक्का, दुसऱ्यात का न्हाई ती गोडी?"

महामायाबाईंचा तोल सुटला. "घातली मी! एकीचंच किती कौतुक करायचं?"

"पोरीच्या जिवावर उठलीस!" मलप्पा गरजले. "आजपासून सैपाकघर शिवकांताचं. तू हात लावायचा न्हाई."

महामायाबाई रडल्या, पाया पडल्या. मला दया आली नाही. बाईंनाही आली नाही.

आता महामायाबाईंना रोज बाईंच्याच हातचे जेवावे लागते. बाई माझ्यातून एक वाटी काढून त्यांच्यापुढे ठेवतात आणि गोड आवाजात म्हणतात, "खा की, अक्का. तुमच्यासाठी वेगळं भाजलंय."

महामायाबाई वास घेतात, चमच्याने ढवळतात, कडा निरखतात. घास तोंडात फिरत राहतो, गिळवत नाही.

मित्रांनो, दुसऱ्याच्या ताटात त्याच्या नकळत काहीही घालू नका. आजारातून उठलेल्याच्या ताटात तर मुळीच नको. त्याचा जीव त्या घासावर असतो.

आणि ती वाटी? तिच्यात कधीच काही नसते. भाजी, मीठ, जिरे, बस्स. मला ठाऊक आहे, बाईंना ठाऊक आहे. महामायाबाईंना मात्र बाई ते कधी सांगणार नाहीत. मला वाचा फुटली, तरी मीही सांगणार नाही.