टवॅरिसच्या गुडघ्यासाठी प्रार्थना

दर बुधवारी संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये एकेक जण उठतो आणि आपलं दुखणं सगळ्यांसमोर सांगतो. कुणाची साखर वाढलेली, कुणाचा भाऊ तुरुंगात. बाकीचे हात धरून त्याच्यासाठी देवाला साकडं घालतात. मेम्फिसमध्ये जन्म गेला माझा, याच बाकांवर लहानाची मोठी झाले. इथे जपून बोलावं असं कधी मनातही आलं नाही. गेल्या बुधवारी मी उठले आणि म्हणाले, "माझ्या टवॅरिसचा गुडघा सुजलाय. उद्या सामना आहे. प्रार्थना करा." टवॅरिस माझा मुलगा, मोठ्या लीगमध्ये बास्केटबॉल खेळतो.

शेजारी व्हर्नेल होती, माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिने माझा हात घट्ट धरला आणि "येशू, या लेकराला बरं कर!" म्हणून सगळ्यांच्या वर आवाज काढला. मला किती भरून आलं!

आणि घरी जाऊन बाईने काय करावं? फोनवर तो पैजांचा मेला बाजार असतो ना, टवॅरिस उद्या वीस गुण करेल का, हो की नाही? उत्तर विकत घ्यायचं, खरं ठरलं की पैसे. तिने 'नाही' विकत घेतलं. वर लेकीला सांगितलं, जावयाला सांगितलं. त्यांनी आणखी दहा जणांना सांगितलं. संघाने गुडघ्याचं जाहीर करायच्या आधीच 'नाही'चा भाव असा चढला की लीगवाल्यांनी माझ्या पोराला चौकशीला बोलावलं. आतली बातमी कुणाला विकलीस, म्हणे! त्याचा करार या उन्हाळ्यात संपतोय. हा डाग लागला तर जन्माची बंदी.

व्हर्नेलच्या लेकीनेच पार्लरमध्ये बढाई मारली, म्हणून मला कळलं. मी तडक तिच्या घरी गेले. ती मासे तळत होती.

"अगं ओडेसा, ये, बस की."

"बसायला नाही आले. देवाला म्हणालीस गुडघा बरा कर, आणि पैसे लावलेस तो बरा न होण्यावर? लाज कशी वाटली नाही गं तुला?"

"प्रार्थना मी मनापासून केली हं," ती म्हणाली. "बरा झाला असता तर आनंदाने हरले असते. आणि एकटी मीच का? पास्टरांनीही लावले होते."

"पास्टरांनी?"

"त्यांनी 'हो' घेतलं होतं. श्रद्धा म्हणून."

माझं डोकंच फिरलं. गॅस बंद केला आणि तिचा कोट तिच्या अंगावर फेकला. "ऊठ! लीगवाल्यांना सांग कुठे ऐकलंस ते. नाहीतर रविवारी भर चर्चमध्ये तुझं आणि पास्टरांचं नाव घेते."

आली मुकाट्याने. पास्टरांनाही यावं लागलं. बातमी विकली नव्हती, प्रार्थनेतून फुटली होती, हे लीगवाल्यांना पटलं आणि टवॅरिस सुटला.

रात्री त्याचा फोन आला. मी आधी विचारलं, "गुडघा कसा आहे रे?"

तो म्हणाला, "आई, वकिलांनी सांगितलंय, दुखण्याखुपण्याचं तुझ्याशी बोलायचं नाही. संघाने जाहीर केलं की कळेल तुला."

"अरे, मी आई आहे तुझी! त्या मेल्यांचा बाजार गेला खड्ड्यात!"

"आई, प्लीज. जेवलीस का?"

"टवॅरिस, दुखतंय का तुला?"

"जेवलीस का, आई?"