गेटमन एकतीस

दाक्षायणीने हातातले दोन राजे टाकून दिले.

"राजे टाकलेस?" मागे उभ्या असलेल्या महेश्वरने विचारलं. तो दुकानातून जेवायला घरी आला होता आणि हात पुसत लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होता.

"टेबलावर एक एक्का उघडा आहे. दुसरा त्याच्याकडे आहे."

"तुला काय माहीत?"

डाव पुढे सरकला, शेवटी पत्ते उघडे झाले. एक्का होता. महेश्वर मनापासून हसला.

"आणि अशा बाईला ते कॉलेजवाले तासावर राबवतात," तो म्हणाला.

नऊ वर्षं ती संख्याशास्त्र शिकवत होती, तासिका तत्त्वावर. जितके तास घेतले तितकाच पगार, सुट्टीत काही नाही, आणि दर जूनमध्ये नव्याने नेमणुकीचं पत्र. पोकर तिला लॉकडाऊनमध्ये सापडला. संभाव्यतेच्या धड्यासाठी चांगली उदाहरणं शोधता शोधता ती खेळायला लागली. दोन पत्ते आपल्या हातात, पाच टेबलावर सगळ्यांचे. ज्याचा जोड मोठा त्याचे पैसे, किंवा जो आपला जोड मोठा असल्याचं इतरांना पटवून देईल त्याचे. सुरुवातीला ती गंमत होती. मग गंमत पगाराइतकी झाली, आणि गेल्या वर्षी पगाराच्या दुपटीहून जास्त.

यंदाचं नेमणूकपत्र टेबलाच्या कोपऱ्यावर पडून होतं. पुढच्या आठवड्याच्या शनिवारी, पाच वाजायच्या आत, सही करून द्यायचं होतं. नाही दिलं तर कॉलेज दुसरं माणूस बघणार.

महेश्वरचा निर्णय कधीच झाला होता. पंपांच्या दुकानात येणाऱ्या मित्रांना तो सांगतही होता की बायको आता घरूनच काम करणार. त्याचं चुकत नव्हतं. हिशेब तिनेच मांडून दाखवला होता, आणि त्यात कुठेही खोट नव्हती. तरीही पत्र रोज सकाळी ती उचलून बघायची आणि पुन्हा तिथंच ठेवायची.

दोन वाजले. टेबलावर नेहमीचं नाव उगवलं: गेटमन ३१.

त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. तो तिनेच लावला होता. कोण कसा खेळतो हे लिहून ठेवायची सोय होती आणि ती प्रत्येकाची टिपणं ठेवायची. अवघड खेळाडूंना लाल ठिपका. ज्यांच्याकडून पैसे येतात त्यांना हिरवा. गेटमन ३१ दीड वर्षापासून दुपारी दोनला यायचा आणि साडेचारला हरून उठायचा. तो आला की ती बाकीची टेबलं सोडून त्याच्या टेबलावर जागा धरायची. हे तिने महेश्वरला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं ती स्वतःला म्हणायची.

तिचं खेळातलं नाव 'सोन्नलगी' होतं. सोलापूरचं हे जुनं नाव वाचून त्यानेच एकदा टेबलाखालच्या चौकटीत लिहिलं होतं, 'साहेब सोलापूरचे का? मी केमचा.' तेव्हापासून दोन-चार ओळी रोज व्हायच्या. आज ऊन लई आहे. आज एक्सप्रेस दोन तास लेट. तो तिला साहेब म्हणायचा आणि तिने कधी ते दुरुस्त केलं नाही.

त्या दिवशी त्याने लिहिलं, 'साहेब उद्या डोळे दाखवायला सोलापुरात येतोय. एक सल्ला पायजे. मोठं काम हाय. भेटता का?'

अनोळखी खेळाडूला भेटायचं नाही, हा तिचा नियम होता. तिने पाच मिनिटं तशीच जाऊ दिली आणि मग आपला नंबर लिहिला.

स्टेशनजवळच्या एका छोट्या हॉटेलात तो बसला होता. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, ऑपरेशननंतर देतात तसला काळा चष्मा. पासष्टीचा असावा. ती समोर उभी राहिली तरी तो तिच्या मागे दाराकडे बघत राहिला.

"काका, मी सोन्नलगी."

तो चटकन उठला. टेबलाला धक्का लागून पाणी सांडलं.

"आन् मी साहेब साहेब म्हनत बसलो की!" त्याने हात जोडले. "मी ज्ञानबा. बसा, ताई, बसा." पिशवीतून त्याने कागदात बांधलेली पुडी काढली. "आमच्या केमचं कुंकू. साहेबांच्या मालकिनीसाठी आनलं हुतं. आता तुमीच घ्या."

तिने पुडी घेतली. चहा आला. ज्ञानबाने बशीत ओतला, पण प्यायला नाही.

"रेल्वेच्या फाटकावर बत्तीस वर्सं काढली," तो म्हणाला. "एकतीस नंबर. मी रिटायर झालो आन् सा महिन्यांत तितं भुयारी रस्ता झाला. फाटकच काढून टाकलं. मानूस जातंय, ठीक हाय. पर जागाच गेली." त्याने टोपी नीट केली. "दुपार लई मोठी असती, ताई. पोरगा पुन्याला. त्यानंच मोबाईल दिला. त्यात ह्यो खेळ गावला. चार लोक बसल्यात, तुमच्यासारखं कुनीतरी इचारतंय, गाडी लेट हाय का. बरं वाटायचं."

"सल्ला कसला पाहिजे होता?"

"रिटायर झाल्यावर जे मिळालं, त्यातलं निम्मं बँकेत हाय. म्हनलं, थोडं थोडं खेळून काय हुत न्हाय. तुमी मागं लिवलं हुतं की, नोकरी सोडून ह्येच करावं म्हनताय. मला बी वाटलं, आपुन बी पूर्न वेळ बसावं. सकाळ, दुपार. मोठ्या टेबलावर." त्याने चष्मा जरा वर केला. डोळा लाल होता. "जमंल का मला?"

असलं काही आपण लिहिलं होतं, हे तिला आठवलं. एका रिकाम्या डावात, सहज.

"काका, तुम्ही खेळू नका."

तो हसला. "मला टेबलावरनं उठिवताय व्हय?"

"खरंच सांगते. तुम्ही हरता."

"कदी हरतो, कदी जिकतो. गेल्या मंगळवारी एका डावात तुमालाच हरिवलं की."

"हो. पण तुमच्या हातात काय आहे ते मला कळतं." तिला थांबता आलं नाही, वर्गात फळ्यासमोर बोलावं तसा तिचा आवाज झाला. "हात रिकामा असला की तुम्ही लगेच पैसे लावता. पत्ते चांगले असले की विचार करत बसता. मी ते लिहून ठेवलंय."

"लिवून ठिवलंय? माझं?"

"हो."

"कवापासनं?"

"दीड वर्ष."

ज्ञानबाने बशी खाली ठेवली. बाहेर रिक्षावाला कुणालातरी हाका मारत होता.

"म्हंजे माझ्याकडचं गेलं त्ये..."

"बरंचसं माझ्याकडे आलं," ती म्हणाली.

तिला वाटलं, आता हा उठून जाईल, किंवा ओरडेल. त्याने ओरडावं असं तिला वाटत होतं.

"आसू दे," तो शेवटी म्हणाला. "खेळात जातंच की. तुमी तर वळखीच्या." आणि मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला. "पर ताई, बरं झालं बघा. माझं काय चुकत हुतं त्ये आता कळलं."

"काका, मी ते त्यासाठी नाही सांगितलं—"

"न्हाय न्हाय, लई उपकार झाले. दुसऱ्या कुनी सांगितलं नसतं." चहाचे पैसे त्याने तिला देऊ दिले नाहीत.

सोमवारी दोन वाजता तो आला.

पहिल्याच डावात तिच्या लक्षात आलं. तो थांबत होता. रिकाम्या हातालाही आता लगेच पैसे लावत नव्हता. पण चांगला हात असला की त्याचा वेळ पूर्वीसारखाच कमीजास्त व्हायचा, आणि रिकाम्या हाताला मात्र तो मोजून थांबायचा. गाडी निघून गेल्यावर फाटक उघडायच्या आधी थांबावं, तसा. प्रत्येक वेळी तेवढाच. तिने घड्याळ लावून पाहिलं. आठ सेकंद.

तो आठ सेकंद थांबला आणि त्याने पैसे लावले. हात रिकामा होता, तिला दिसत असल्यासारखं माहीत होतं. तिने पत्ते टाकून दिले.

'जमतंय की ताई,' त्याने लिहिलं.

दुसऱ्यांदाही तिने टाकून दिले. तिसऱ्यांदाही. त्या दिवशी गेटमन ३१ साडेचारला पहिल्यांदाच जिंकून उठला. दाक्षायणीला बरं वाटलं. रात्री जेवताना महेश्वरने दिवस कसा गेला विचारलं तेव्हा ती म्हणाली, आज थोडे गेले, पण चांगला गेला. तो चमकून बघत राहिला.

मंगळवारी तो टेबलावर आला तेव्हा त्याच्या नावाखालचा आकडा बघून तिचा हात माऊसवरून निघाला. एवढी रक्कम त्याने कधीच आणली नव्हती. बँकेतलं ते आलं होतं. सगळं नसेल, पण आलं होतं. कालच्या तीन डावांच्या जोरावर आलं होतं, आणि ते तीन डाव तिने दिले होते.

'काका, हे परत काढून घ्या,' तिने लिहिलं.

'भ्या वाटतंय व्हय,' त्याने लिहिलं, आणि पुढे हसरा चेहरा.

चाळीस मिनिटांनी तो डाव आला. टेबलावर पाच पत्ते उघडे होते. तिच्याकडे दोन जोड्या, बऱ्यापैकी, फार मोठ्या नाहीत. बाकीचे सगळे उठले होते. ज्ञानबा थांबला. तिने मोजलं. सहा, सात, आठ. त्याने समोरचं सगळं आत ढकललं.

पडद्यावर तिच्या नावाभोवतीची हिरवी रेघ आखडायला लागली. तीस सेकंद होते. टाकून दिले तर उद्या तो उरलेलं घेऊन येईल, आणि तिच्याकडे नाही हरला तर लाल ठिपक्यांच्या कुणाकडे तरी हरेल, त्याच्या गावाचं नावही ज्याला माहीत नाही अशा माणसाकडे. दाखवायला सांगितलं तर ती आत्ता, इथं, त्याचं सगळं घेणार होती. संख्याशास्त्रात याला काही उत्तर नव्हतं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि तिने 'कॉल' दाबला, म्हणजे तेवढेच पैसे लावून पत्ते दाखवायला सांगितलं.

पत्ते उलटले. त्याच्याकडे काहीच नव्हतं. सत्ती आणि तिर्री.

तिने चौकटीकडे पाहिलं. त्याने काही लिहिलं नाही. थोड्या वेळाने त्याचं नाव गेलं आणि त्या जागी दुसरंच कुणीतरी येऊन बसलं.

तिने दोनदा फोन केला. पहिल्यांदा वाजत राहिला, दुसऱ्यांदा तिकडून कापला गेला. पैसे परत घ्या, एवढंच तिला सांगायचं होतं. तसा निरोप तिने लिहूनही पाठवला. निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही.

"बघ," बुधवारी आकडे पाहून महेश्वर म्हणाला, "आजवरचा सगळ्यात चांगला आठवडा. आता तरी ते पत्र उचलून ठेव."

"हो," ती म्हणाली.

गुरुवारी दोन वाजता ती बसली नाही. शुक्रवारी बसली, चार डाव खेळली आणि चारही जिंकली. हिरव्या ठिपक्याची आणखी अकरा नावं होती. ती एकेक करून वाचत राहिली. त्यांतल्या एकाचंही गाव तिला माहीत नव्हतं.

शनिवारी दुपारी साडेतीनला फोन वाजला. ज्ञानबाचा नंबर. तिने घाईघाईने उचलला.

"काका, मी तुम्हाला—"

"मी त्येंची मंडळी बोलते, केराबाई," पलीकडून आवाज आला. "तुमी सोलापूरच्या क्लासच्या बाई न्हवं का?"

दाक्षायणीने लॅपटॉपचा आवाज बंद केला.

"दुपारी दोनला मोबाईल घिऊन बसायचे की आमचे मालक. मी इचारलं तर म्हनले, सोलापूरच्या एक बाई शिकिवत्यात. लई हुशार हायती म्हनले. म्हातारपनी कसलं शिक्षान, म्या हासायची." पाठीमागे कुठून तरी गाडीचा आवाज येऊन गेला. "चार दिस झाले, बसंनात. जेवत बी न्हाईत धड. दोन वाजले की फाटक हुतं तितं जाऊन बसत्यात, उनात. तितं आता काय हाय, सांगा. डोळ्याचं आप्रिशन झाल्यालं मानूस."

"काकू, त्यांना घरी बोलवा."

"माझं आयकत्यात व्हय? तुमचं आयकतील. काय चुकलं आसंल त्येंचं तर पदरात घ्या, बाई. फी ऱ्हायली आसंल तर मला सांगा. त्येंना न कळता मी धाडते. पर शिकवनं तेवढं बंद करू नका."

दाक्षायणी खुर्चीत होती ती उठून उभी राहिली. लॅपटॉप उघडाच होता.

"फी राहिलेली नाही, काकू," ती म्हणाली. "उलट माझ्याकडूनच त्यांचं येणं आहे. ते मी तुमच्या नावावर पाठवते, तुमच्याच. खात्याचा नंबर कुणाकडून तरी मला कळवा." तिने श्वास घेतला. "आणि क्लास बंद केला मी."

"आरं द्येवा. कायमचाच?"

कोपऱ्यावरच्या पत्राला मंगळवारपासून तिने हात लावला नव्हता, त्यावर धूळ बसली होती. ती तिने पदराने पुसली.

"हो. कायमचा."

मग केराबाईचा आवाज आला तो वेगळाच होता, काळजीचा.

"मंग बाई, तुमचं कसं भागनार वो?"

"मी कॉलेजात शिकवते," दाक्षायणी म्हणाली.

"मंग बरं हाय," केराबाई म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने घड्याळ पाहिलं. पावणेचार. तिने पेन शोधलं, पायात चपला सरकवल्या आणि जिना उतरली. खाली दुकानातून परतणारा महेश्वर भेटला, त्याने कुठे निघालीस म्हणून विचारलं.

"पाचच्या आत जायचंय," ती म्हणाली. "आल्यावर सांगते, सगळं. पहिल्यापासून."