बदकाची माफी

निर्मातीबाईंनी संहिता मिटली आणि चष्मा काढला.

“सगळं छान आहे. फक्त एक सांगा, हे बदक ओल्या रंगावरून का चालतं?”

लेखिकेने थोडा विचार केला. “रंग ओला असतो म्हणून.”

“तसं नाही हो. त्याच्या मनात काय आहे?”

बदकाच्या मनात काय आहे हे लेखिकेला ठाऊक नव्हतं. खरं तर तिला ठाऊक असायला हवं होतं, कारण ते बदक तिच्या सख्ख्या काकांनी काढलं होतं आणि रंगारी तिच्या वडिलांनी. तिच्या लहानपणी ही कार्टूनं दर रविवारी टीव्हीवर लागायची. संवाद नाहीत, गोष्ट नाही. रंगारी काहीतरी रंगवायचा, बदक त्यावरून चालत जायचं, आणि मग शिडी, बादली आणि दोरी रंगाऱ्याच्या डोक्यावर कोणत्या क्रमाने पडतात एवढाच प्रश्न उरायचा.

आता त्याचा सहकुटुंब पाहण्यासारखा चित्रपट करायचा होता. “आजच्या मुलांना कारण लागतं,” असं निर्मातीबाईंचं मत होतं. लेखिकेने कारणं पुरवली. रंगाऱ्याची बायको वारली. त्याची मुलगी त्याच्याशी बोलेनाशी झाली. बदकाची आई पुरात वाहून गेली. बदक पुरात वाहून कसं जाईल, असं कोणीही विचारलं नाही. मुलांनी चुकीचं काही शिकू नये म्हणून रंगाऱ्याला हेल्मेट दिलं. शेवटी बदक त्याची माफी मागणार होतं आणि रंगारी त्याला छातीशी धरणार होता. हा प्रसंग वाचताना निर्मातीबाईंचे डोळे भरून आले होते.

राहिली ती दोन्ही भावांची परवानगी. ते एकाच घरात राहत. आप्पा, म्हणजे लेखिकेचे वडील, तळमजल्यावर आणि बापूकाका वर. मात्र दोघांमध्ये कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. बापूकाकांनी कोणे एके काळी बदक एका साबणाच्या जाहिरातीला दिलं होतं. एकटं बदक. रंगारी नाही. आप्पांनी ती जाहिरात जेवताना पाहिली, ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, “बदक फेसात लोळतंय आणि माझा माणूस घरी बसलाय.” धाकट्या भावाविषयी त्यांनी काढलेलं ते शेवटचं वाक्य. थेट त्याच्याशी तर ते तेवढंही बोलले नव्हते.

तेव्हापासून सगळं आईमार्फत चालायचं.

“वहिनी, पाण्याची मोटर बंद करायला सांगा,” बापूकाका जिन्यातून म्हणायचे.

आप्पा तिथेच दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे. आई म्हणायची, “मोटर बंद करा.”

“केली म्हणावं.”

“केली म्हणतायत.”

आईला यात काही वावगं वाटत नसे. निदान दोघांपैकी एकालाही आवाज चढवता येत नाही, असं ती म्हणे.

वाचन आप्पांच्या खोलीत ठरलं. आप्पा पलंगावर, बापूकाका दाराजवळच्या खुर्चीवर, मधे निर्मातीबाई. लेखिका उभी राहून वाचत होती. बायको वारली तेव्हा आप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं. पूर आला तेव्हा बापूकाकांनी पायावरचा डास मारला. हेल्मेटपाशी दोघेही एकदम खोकले, एवढंच. लेखिकेला वाटलं, निभावलं.

“...बदक मान खाली घालतं,” तिने वाचलं, “आणि रंगारी त्याला छातीशी धरतो.”

तिने शेवटचं पान उलटलं.

“वहिनी,” बापूकाका म्हणाले, “यांना विचारा, बदक मान खाली कशाला घालेल?”

आई स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू गेलं नाही. प्रश्न खोलीत तसाच लोंबकळत राहिला. मग आप्पा म्हणाले, “काहीतरी उचलायला घालेल.”

“काय उचलायला?”

“शिडीचा खिळा.”

बापूकाकांनी खुर्ची पुढे ओढली. “म्हणजे रंगारी शिडीवर आहे?”

“नाहीतर कुठे असणार? मिठी मारायला खाली वाकतोय.”

“हात रंगाचे?”

“कोपरापर्यंत.”

लेखिकेने निर्मातीबाईंकडे पाहिलं. निर्मातीबाई म्हणाल्या, “पण माफीचं काय?” त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

“किती वाकतो?” बापूकाकांनी विचारलं.

“दाखवतो.” असं म्हणून आप्पा स्टुलावर चढले. सत्तरी ओलांडलेला माणूस स्टुलावर चढतो तेव्हा घरातल्यांनी त्याला धरायचं असतं. पण लेखिकेच्या दोन्ही हातांत संहिता होती, आणि बापूकाका तोवर बदक झाले होते. गुडघे वाकवून, पार्श्वभाग मागे काढून ते खोलीभर चालत होते. चेहऱ्यावर कसलाही भाव नव्हता. लेखिकेला लहानपणापासून हाच चेहरा माहीत होता, फक्त तो काकांचा आहे हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

बदक स्टुलाजवळ आलं आणि त्याने मान खाली घातली. रंगारी वाकला. स्टूल हललं. आप्पांनी पडदा धरला, पडद्याने दांडा सोडला आणि दांडा बापूकाकांच्या कपाळावर बसला. बापूकाका मागे खुर्चीवर, खुर्ची दारावर, आणि नेमकी त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन आलेली आई दाराच्या पलीकडे. शेवटी आप्पा पडले. ते सावकाश पडले.

निर्मातीबाई हसत सुटल्या. हसता हसता त्या पलंगावर आडव्या झाल्या, आणि श्वास आल्यावर त्यांनी विचारलं, “लागलं का हो?”

लागलं होतं. आप्पांचं मनगट मोडलं होतं आणि बापूकाकांना टाके पडले. आईच्या पायावर चहा सांडला होता, पण तो आधीच निवला होता.

“कसं झालं?” दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं.

“बदकामुळे,” आप्पा म्हणाले.

“बदकाचा काही संबंध नाही,” बापूकाका शेजारच्या खाटेवरून म्हणाले. “तू उशिरा वाकलास.”

“मी उशिरा? तू खिळा उचललासच नाहीस!”

परिचारिकेने त्यांना हळू बोलायला सांगितलं. लेखिका बाहेर बाकावर बसली होती. आईने विचारलं, “रडतेस का गं?” ती म्हणाली, “नाही.” पण ती थोडी रडत होती. चित्रपट बुडाला असं वाटून की आणखी कशाने, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

चित्रपट बुडाला नाही. बायको, पूर आणि हेल्मेट राहिलं. त्यावर निर्मातीबाई ठाम होत्या. माफी गेली. मिठी राहिली, पण भावांच्या अटीवर: रंगारी खाली वाकतो, रंगामुळे दोघं एकमेकांना चिकटतात, आणि तसेच अख्ख्या इमारतीवरून घरंगळत खाली येतात. तो प्रसंग दोघांनी मिळून आखून दिला. आप्पांचा हात प्लास्टरमध्ये असल्याने ते सांगत आणि बापूकाका काढत. आप्पांना रंगाऱ्याचं एकही नाक पसंत पडलं नाही.

पहिल्या खेळाला सगळे गेले. पूर आला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका मुलाने आईला विचारलं, “संपला?” नंतर बराच वेळ ते खुर्चीत उलटं बसून मागच्या लोकांची तोंडं पाहत होतं. मग रंगारी शिडीवर चढला. मूल सरळ झालं. बदकाने मान खाली घातली तेव्हा ते उभं राहिलं, आणि रंगारी घरंगळायला लागल्यावर हसून हसून खुर्चीवरून खाली पडलं.

बापूकाका वाकून म्हणाले, “लागलं का रे बाळा?”

“पुन्हा दाखवा ना,” मूल खालूनच म्हणालं.

आप्पांनी चष्मा पुसला. “पुन्हा नाही दाखवत,” ते त्याला गंभीरपणे म्हणाले. “उद्या ये.”