आपल्या कोपऱ्यातली थोरली

बरण्यांच्या कारखान्यात दोघी जावा शेजारशेजारच्या चाकांवर बसायच्या. मोठीला सगळे थोरली म्हणत आणि लहानीला धाकटी. ही हाक घरातली. पण कारखान्याने ती उचलली, आणि मग हजेरीबुकात काय नावं लिहिली आहेत ते कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही. आता थोरली एक्याऐंशीची आहे आणि धाकटी एकाहत्तरची. तरी रस्त्यात जुनं कोणी भेटलं की "काय धाकटे, बरी आहेस ना?" असंच विचारतं.

धाकटीला चाक शिकवलं ते थोरलीने. आणि कसं शिकवलं! पहिले तीन महिने धाकटीच्या हातून उतरलेली प्रत्येक बरणी थोरली तारेने उभी कापायची, वरपासून तळापर्यंत, खरबूज कापावं तशी. दोन फाका दोन बाजूंना पडायच्या. "बाहेरून काय बघतेस?" ती म्हणायची. "बाहेरून सगळ्याच देखण्या असतात. आतून बघ. इथे भिंत बोटभर, इथे कागदासारखी. भट्टीत गेल्यावर कोण रडणार, तू की ती?" धाकटी तेव्हाच रडून घ्यायची, नळावर तोंड धुण्याच्या निमित्ताने. चौथ्या महिन्यात कारखान्याला माल कमी पडायला लागला, म्हणून कापणं थांबलं. बरणी चांगली जमली म्हणून थांबलं, असं थोरली काही म्हणाली नाही. पुढे दोघींनी मिळून चौतीस वर्षं बरण्या काढल्या. त्यातही कधी म्हणाली नाही.

या वर्षी निरोप आला की मोठी भट्टी कायमची बंद होणार. शेवटची एकदा पेटेल आणि मग थंड होईल ती थंडच. आता त्या भट्टीची एक जुनी रीत होती. दाराजवळ, जिथून आत डोकावायचं भोक असतं, तिथली एक फळी मालासाठी वापरायची नाही. ती कामगारांची. तिला सगळे 'आपला कोपरा' म्हणायचे. कोणी त्यात दौत भाजून घ्यायचं, कोणी लेकरासाठी शिट्टी, कोणी दारावरची पाटी. धाकटीने इतक्या वर्षांत त्या कोपऱ्यात एक वाटीसुद्धा ठेवली नव्हती. तिला वाटायचं, आपल्याला बरण्यांखेरीज येतं काय?

निरोप आल्यावर ती दोन दिवस भट्टीपाशी जाऊन ती फळी बघून आली. तिसऱ्या दिवशी लेकीला म्हणाली, "मी थोरलीला ठेवणार."

"कुठे?"

"भट्टीत."

लेकीच्या हातातला कप तसाच राहिला. "आई, काकू अजून जिवंत आहे."

"म्हणून तर. गेल्यावर काय, कोणीही करतं."

कारखान्यातली चाकांची खोली अजून उघडी होती. धाकटी रोज सकाळी तिथे जाऊन बसायला लागली. मूर्ती घडवणारे लोक मातीचा गोळा घेतात आणि बोटांनी दाबत, कोरत माणूस काढतात, हे तिने पाहिलं होतं. तिला ते येत नव्हतं. तिला चाक येत होतं. मग तिने थोरलीचे तुकडे केले. म्हणजे मनातल्या मनात. खालचा घेर म्हणजे पालथी घातलेली मोठी बरणी, बिनतळाची. वरचं अंग म्हणजे मधली बरणी, तीही बिनतळाची. हात म्हणजे दोन लांब नळ्या, चाकावर ओढून मग कोपरात वाकवलेल्या. अंबाडा म्हणजे झाकणाची मूठ. आणि डोकं म्हणजे एक गोळा, पण तोंड नसलेला.

तिथे तिची पहिली परीक्षा झाली. आयुष्यभर जे भांडं केलं त्याला तोंड होतं. बरणीचं तोंड मोठं ठेवायचं असतं, काठ गोल करायचा असतो. इथे काठ आत आत घेत शेवटी बंद करायचा होता. पहिल्यांदा बंद करताना तिचा हात आपोआप थांबला. दुसऱ्यांदाही थांबला. तिसऱ्यांदा तिने हातालाच दरडावलं, "अरे, पुरे की!" आणि माती मिटली. चाकावर एक बंद गोळा फिरत होता, अंड्यासारखा गुळगुळीत, आणि धाकटी स्वतःशीच हसली.

तुकडे थोडे आळल्यावर तिने चरे पाडून, पातळ चिखल लावून एकावर एक बसवले. लांब उभी राहून पाहिलं. थोरली कुठली, चक्क बरणी होती. वर डोकं फुटलेली बरणी.

भट्टीवाला तेवढ्यात दारातून डोकावला. हा तिच्या नवऱ्याचा मित्र, त्यामुळे तिला वहिनी म्हणायचा. "वहिनी, झाकण छान बसलंय," तो म्हणाला.

"भावजी, ते डोकं आहे."

"असं होय! मला वाटलं, लोणचं कुठे भरायचं?"

तो हसत गेला. धाकटीला राग आला तो त्याच्यावर नाही, चाकावर. चाक सगळं गोल करतं, सरळ करतं. डावी बाजू तशी उजवी. आणि थोरली कधी सरळ उभी राहिली होती का? वर्षानुवर्षं उजव्या पायाने चाक ढकलून ती डावीकडे कलली होती. उभी राहिली की कंबर एका बाजूला, खांदा दुसऱ्या बाजूला, जणू कोणाशी भांडायला निघाली आहे. लांबून नुसती सावली दिसली तरी ओळखू यायची.

धाकटीने तार उचलली. तीच कापायची तार. तिने मूर्तीच्या कंबरेतून ती तिरपी ओढली, एक पाचर काढून टाकली, आणि वरचं अंग पुन्हा खाली टेकवलं. थोरली डावीकडे कलली.

धाकटी एकदम मागे सरली आणि मोठ्याने म्हणाली, "आले ताई, हात धुऊन आले."

मग बाकीचं भराभर झालं. कारखान्याचा एप्रन, त्याच्या गाठी, कानावर आलेली बट. चेहरा करायला चार दिवस लागले. ओठ तिने मिटलेले ठेवले, फोटोत असतात तसे. मोठ्या माणसाला शोभेल असं काहीतरी पाहिजे, तिला वाटलं. एप्रनला बरणीची तपकिरी झिलई दिली आणि चेहरा व हात कोरेच ठेवले. सव्वा हात उंचीची थोरली पंधरा दिवस सावलीत वाळली. शेवटी धाकटीने ती स्वतः भट्टीवाल्याच्या हातात दिली. त्याने या वेळी झाकणाचं नाव काढलं नाही. दोन्ही हातांनी धरून आपल्या कोपऱ्यात ठेवली, तोंड दाराकडे करून.

"उद्या सकाळी दार चिणतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी लेकीचा डबा भरत होती. गरम भात दाबून भरला, झाकण घट्ट लावलं आणि पाठ वळवली, तोच मागे फट्‌कन आवाज झाला. वाफेने झाकण उडालं होतं.

धाकटी त्या झाकणाकडे बघत राहिली. मग मटकन खाली बसली.

"आई! काय झालं?"

"भोक," धाकटी म्हणाली. "डोक्याला भोक नाही ठेवलं गं मी."

बरणीला असं भोक लागतच नाही, तिला तोंड असतं. चौतीस वर्षांत कधी विचार करावा लागला नव्हता. डोकं चारी बाजूंनी बंद. आत हवा आणि उरलीसुरली ओल. भट्टी तापली की ती वाट शोधणार, आणि वाट मिळाली नाही की डोकं फोडून बाहेर पडणार. दुसरी थोरली करायची म्हटलं तर भाजायची कुठे? पुन्हा भट्टी पेटणारच नव्हती.

लेकीने स्कूटर काढली. धाकटीने हत्यारांच्या पिशवीतून सायकलच्या स्पोकची घासून टोकदार केलेली सळी घेतली आणि मागे बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती लेकीला म्हणाली, "जोरात चालव."

भट्टीवाल्याने दार कमरेपर्यंत चिणलं होतं. विटा नीट रचून, मातीने लिंपून. आपला कोपरा विटांआड गेला होता. हातात थापी होती.

"भावजी, थांबा! वरच्या दोन ओळी काढा. मला आत हात घालायचाय."

"आता? वहिनी, चिणलेल्या दाराची वीट मी कधी काढली नाही. चाळीस वर्षांत नाही."

"तिच्या डोक्याला भोक ठेवायचं राहिलंय."

त्याने थापी खाली ठेवली. पण विटेला हात लावला नाही. "शेवटची भट्टी आहे. शेवटच्या भट्टीला मी नियम मोडू?"

"नका मोडू," धाकटी म्हणाली. "डोकं फुटू दे. मग थोरलीला तोंड तुम्ही द्या. त्या वर्षी घाईने भट्टी तापवून दोनशे बरण्या फोडल्या होत्यात, तेव्हा ती काय बोलली होती, आठवतंय ना?"

भट्टीवाल्याला आठवत होतं. सगळ्या कारखान्याला आठवत होतं. त्याने मुकाट्याने वरच्या ओळी काढल्या.

धाकटी आत वाकली. मूर्तीच्या पाठीमागे बरण्यांची चळत अगदी चिकटून होती. अंबाड्याखाली, जिथे भोक लपलं असतं, तिथे बोटही जात नव्हतं. हलवायची सोय नाही. वाळलेली कच्ची माती, नुसता धक्का लागला तरी भुगा. समोर होता तो फक्त चेहरा. डोळ्यात टोचवेना. कपाळावर बरं दिसेना.

तिने सळीचं टोक मिटलेल्या ओठांच्या मधोमध टेकवलं. दाबलं नाही. दोन बोटांत धरून फक्त फिरवत राहिली, चाक फिरतं तशी, सावकाश. बारीक पूड हनुवटीवर पडायला लागली. लेक मागे उभी होती. भट्टीवालाही. एक क्षण ओठाच्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ दिसली आणि धाकटीने सळी मागे घेतली. पण ती जुनी, तिनेच कोरलेली सुरकुती होती. पुन्हा फिरवलं. आणि मग सळी एकदम आत गेली. तिने भोक जरासं लांबट केलं, फुंकर घालून पूड उडवली आणि कंबर धरून सरळ झाली.

"चिणा आता," ती म्हणाली.

तीन दिवस भट्टी पेटली, चार दिवस निवली. त्या आठवड्यात धाकटीने घरात दोन कप फोडले आणि दोन्हींचा दोष कपांच्या दांड्यांवर घातला. आठव्या दिवशी ती लेकीला म्हणाली, "काकूला घेऊन ये. काही सांगू नकोस."

भट्टीवाल्याने विटा काढल्या. आतून उबदार वारा आला. आपल्या कोपऱ्यात थोरली उभी होती. डोकं धडावर, अंबाडा डोक्यावर. एप्रन जुन्या बरणीसारखा तपकिरी चमकत होता. चेहरा पिवळसर, आणि ओठ किंचित उघडे, जणू आत्ताच काहीतरी टोचून बोलणार आहे. मिटल्या ओठांची होती त्यापेक्षा ही शंभर पटींनी थोरली होती. भट्टीवाल्याने आपण होऊन टोपी काढली.

खरी थोरली लेकीचा हात धरून आली. तिला आता माणसं धूसर दिसतात, वस्तू त्याहून धूसर. "भट्टी उघडली वाटतं," ती म्हणाली. "वास आला. मला कशाला आणलंत?"

धाकटीने मूर्ती बाकावर ठेवली आणि जावेचा हात तिच्यावर नेला. थोरलीची बोटं एप्रनच्या गाठीवर थांबली, मग कललेल्या कंबरेवर, मग खांद्यावर. चेहऱ्यापाशी येऊन ओठांवर अडकली.

"तोंड उघडं का ठेवलंस गं माझं?"

"ताई, मिटलेलं टिकलं नसतं."

भट्टीवाला खोकल्याचं निमित्त करून हसला. "हसा, हसा भावजी," थोरली म्हणाली, आणि मूर्ती आडवी करायला लावली. खालचा घेर पोकळ होता. तिने त्यात मनगटापर्यंत हात घातला, मग कोपरापर्यंत. आत बोटांच्या रेघा होत्या, तळापासून वर चढत गेलेल्या. एका हाताचं बोट आतून आणि दुसऱ्याचं बाहेरून लावून ती हळूहळू भिंतीची जाडी चाचपत गेली.  धाकटी एकाहत्तर वर्षांची बाई, पण तिची नजर आपोआप भिंतीवरच्या खिळ्याकडे गेली, जिथे कापायची तार लटकत असे.

थोरलीने हात बाहेर काढला आणि पदराला पुसला.

"हिला कापायला नको," ती म्हणाली.

 या वेळी धाकटी नळावर गेली नाही. तिथेच, सगळ्यांच्या देखत, तिने डोळे पुसले.

लेक जुनी वर्तमानपत्रं आणि सुतळी घेऊन आली. "गुंडाळू नकोस," धाकटी म्हणाली. "बघू दे लोकांना."

मग बरण्या न्यायची लांब फळी काढली. एक टोक भट्टीवाल्याने खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या टोकाला, कोणाचंही न ऐकता, धाकटीने खांदा दिला. फाटकातून बाहेर पडताना पुढे लेकीचा हात धरून थोरली चालत होती, डावीकडे कललेली, आणि मागून फळीवर थोरली येत होती, डावीकडे कललेली. कोपऱ्यावरचा दुकानदार पायरी उतरून खाली आला.

"ही कोणी केली हो?"

धाकटी तोंड उघडणार, त्याआधी पुढून आवाज आला, "माझ्या जावेने. चाकावर."